डॉक्टरांनी फार चांगलं लिहिलं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच घे, कारण हल्ली जमिनीला हात टेकले की उठवायला माणूस लागतो.

नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि ही लिहितेय. मी फोनवर 'बरं आहे' म्हणून लगेच फोन हिच्या हातात देतो, अशी तुझी तक्रार असते, म्हणून या वेळी सविस्तर.

तर बातमी अशी की पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला. विमा कार्यालयाचं पत्र परवा आलं. कायमचं अपंगत्व वैद्यकीय पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला काही विशेष वाटलं नाही. मानेचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, माणूस हिंडता-फिरता आहे, मग देतील कशाला? त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही दिलं नसतं. वाईट एवढंच वाटतं की आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं, ते वाया गेलं.

मालकांचा निरोप आलाय की एक मार्चपासून कटिंगचं टेबल सांभाळणार असशील तर जागा तुझी, नाहीतर दुसरा कटर बघतो. बिचाऱ्याने दीड वर्ष थांबायचं म्हणजे काही कमी नाही. तेव्हा जायचं म्हणतोय. इतकी वर्षं ज्या मशीनवर शर्टांचे गठ्ठे कापले ते मला विसरलं नसेल. उजव्या हाताला मुंग्या असतात, पण असू देत. खायला थोडंच मागतायत माझ्याकडे.

तुझे गुडघे काय म्हणतात? जिने कमी कर. लोभ आहेच, फक्त त्याची काळजी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मास्तर

ता. क. ताई, हे पाकिटाला तिकीट आणायला खाली गेलेत तेवढ्यात लिहिते. मुंग्या कधीच गेल्या, आता त्या हाताला काहीच कळत नाही. गेल्या आठवड्यात चहाचं पातेलं चिमटा न घेता उतरवलं. बोटांवरचा फोड मी दाखवला तेव्हा यांना समजलं. आणि हा हात आता पात्याजवळ जाणार. तुमच्याशिवाय हे कोणाचं ऐकत नाहीत. काहीतरी करा. – वहिनी

८ फेब्रुवारी

चि. मास्तर यास,

अनेक आशीर्वाद, पैकी निम्मे रागाचे आहेत, ते आधी घे.

तुझ्या पत्रात अक्षर वहिनीचं होतं आणि थापा तुझ्या. अर्ज नामंजूर झाला हे तू असं कळवतोस की जणू शेजाऱ्यांचा झालाय. मी ज्यांच्याकडे टायपिंग करते त्या वकीलसाहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, नामंजुरीच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात अपिलाची मुदत असते, ती आधी बघा. शिवाय कार्यालयाने कोणते कागद वाचून निर्णय दिला ते हवं. मला सगळ्याच्या प्रती पाठव. डॉक्टरांचं ते फार चांगलं पत्रसुद्धा.

आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या वर्कशॉपची पायरी चढायची नाही. मालक भला आहे, मान्य. पण भल्या माणसाचं मशीनसुद्धा बोटं बघून थांबत नाही.

लहानपणी तू तापाने फणफणलेला असायचास आणि आईने विचारलं की खेळायला जाऊ का म्हणायचास. तेव्हा तिला कौतुक वाटायचं. मला आता वाटत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही रे, आणि हे तर कार्यालय आहे.

उलट टपाली उत्तर. माझा लोभ तू गृहीत धरलाच आहेस, तसाच रागही धर.

ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईंना,

सा. न. वि. वि.

प्रती पाठवते आहे. मी पाळणाघरातून लिहितेय, मुलं झोपली आहेत. उत्तर घरी नको, इथल्याच पत्त्यावर पाठवा. अपिलाची मुदत पंधरा मार्चला संपते.

डॉक्टरांचं पत्र तुम्ही वाचालच, पण ते कसं आलं ते सांगते. अर्जासोबत तुमच्या डॉक्टरांचं पत्र जोडा, असं कार्यालयाने सांगितलं होतं. आम्हा दोघांनाही वाटलं, शाळा सोडताना वर्तणुकीचा दाखला घेतात तसं काहीतरी असेल. माणूस चांगला आहे, लबाड नाही, असं कोणीतरी मोठ्या माणसाने सांगायचं. हे डॉक्टरांना म्हणाले की माझ्याबद्दल जरा चांगलं लिहा. त्यांचा यांच्यावर जीव. त्यांनी लिहिलं की हा अतिशय कष्टाळू आणि हसतमुख गृहस्थ आहे, दुखण्याची कधी तक्रार करत नाही, जिद्दीने स्वतःची सगळी कामं स्वतः करतो, सदैव व्यवस्थित पोशाखात येतो. मी ते वाचलं तेव्हा माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. आम्ही त्यांच्या पाया पडून ते पत्र आणलं आणि नेऊन दिलं.

आता कार्यालयाने त्यातलीच वाक्यं उचलून आमच्यापुढे ठेवलीत. स्वतःची कामं स्वतः करतो, तक्रार नाही, म्हणजे अपंगत्व नाही. दवाखान्याच्या कागदांतही प्रत्येक भेटीला 'रुग्णास बरे वाटते' असंच आहे. का नसेल? डॉक्टर घरी आले की विचारतात, कसं काय मास्तर, आणि हे म्हणतात, बरं आहे. ते आपले लिहून घेतात. तपासून झाल्यावर हे डाव्या हाताने त्यांची बॅगसुद्धा दारापर्यंत नेऊन देतात.

व्यवस्थित पोशाखाचं म्हणाल तर ती बटणं मी लावते. ताटातलं बारीक करून मी देते. दाढी मी करते, हे कोणालाच माहीत नाही, तुम्हालाही आज पहिल्यांदाच सांगतेय. बाहेर निघायच्या आधी यांना आरशासमोर उभं करून मी असं नीट करते की बघणाऱ्याला वाटावं, याला काय धाड भरलीय. मला वाटायचं मी यांचा मान राखते आहे.

काय करू ते लवकर कळवा. यांनी कटिंगच्या टेबलाशी घालायचा जुना एप्रन धुवायला काढलाय.

तुमच्या मायेच्या आधारावर असलेली,
वहिनी

१७ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग बराच वेळ टायपिंगला बोटं वळेनात. पुरावा म्हणून स्वतःच्याच तब्येतीचं प्रशस्तिपत्रक जोडणारे आपल्या घरचेच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तुझी चूक नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

वकीलसाहेब म्हणाले ते नीट ऐक. कार्यालयाला दुखण्याचं नाव नको असतं, गुणवर्णन तर नकोच. मानेचा आजार खूप जणांना असतो आणि त्यातले कितीतरी कामावर जातात. डॉक्टरांनी लिहायचं ते असं: उजव्या हातात काय धरता येतं, किती वेळ, काय सुटून पडतं, बोटांना गरम-थंड कळतं का, किती वेळ उभं राहवतं, हे सुधारेल का, आणि नसेल तर तसं का वाटतं. प्रत्येक गोष्ट त्यांनी स्वतः तपासून. त्याला जोड म्हणून नसांची तपासणी हवी, विजेचे बारीक झटके देऊन करतात ती. एवढं असलं तर अपिलात मेडिकल बोर्ड पुन्हा तपासायला बोलावतं.

तेव्हा तू एकटी डॉक्टरांकडे जा आणि मला लिहिलंस ते सगळं त्यांना सांग. बटणं, ताट, दाढी, काही गाळू नकोस. त्याला विचारून जाऊ नकोस, विचारलंस तर तुझं जाणं झालंच. तो चिडेल. चिडू दे, चिडलेला भाऊ मला चालतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो, पण त्याची मूठ मिटतच नाही तर झाकणार काय?

माझी माया पुरेल, तिची चिंता सोड आणि उद्याच जा.

ताई

२४ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. अक्षराकडे बघू नकोस. डाव्या हाताचं आहे. हिला लिहायला सांगितलं नाही.

तू हिला डॉक्टरांकडे पाठवलंस. माझ्या पाठीमागे. माझी दाढी कोण करतं हे आता त्यांना माहीत आहे. काल त्यांनी निरोप पाठवला की ऐकीव गोष्टीवर मी लिहिणार नाही, त्याला घेऊन या, स्वतः तपासतो. मी जाणार नाही असं कळवलं.

ते मला मास्तर म्हणतात. त्यांच्या दवाखान्यात मी एकटाच असा आहे की ज्याला ते उठून दारापर्यंत सोडायला येतात. त्या माणसासमोर मी ताटातला घास उचलता येत नाही म्हणून रडू? आईने आपल्याला हे शिकवलं नाही. दुखणं घरात ठेवायचं.

तू म्हणशील हट्टी आहे. आहे. दीड वर्ष घरी बसून मी भिंती बघतोय. ही कामाला जाते आणि मी दार लावून घेतो. टेबलाशी उभा राहिलो तर मी कोणीतरी असतो. एक तारखेला जाणार.

हिच्याकडे सापडलेलं तुझं पत्र परत पाठवतोय. हे एवढं लिहायला दुपार गेली.

तुझाच, पण रागावलेला,
मास्तर

३ मार्च

ती. ताईंना,

नमस्कार. आधी हे सांगते की हे घरी आहेत, बोटं पाचही आहेत, आणि आता झोपलेत. मग पुढचं वाचा.

परवा सकाळी हे गेले. मी दारात आडवी उभी राहिले तर हसून म्हणाले की संध्याकाळी लवकर येतो. मी काम सोडून मागे जाऊ शकले नाही. जे झालं ते मला काज-बटणं करणाऱ्या बाईंनी सांगितलं, यांनी नव्हे.

पात्याचं मशीन हाताने धरून कापडाच्या थरातून ढकलायचं असतं. ते उजव्या हातात पेलेना, तेव्हा यांनी ते डाव्या हातात घेतलं आणि उजव्याने कापडाचा थर दाबून धरला. पात्यापासून बचावाला पोलादी कड्यांच्या जाळीचा हातमोजा असतो, पण तो डाव्या हाताचाच बनवलेला, कारण सगळे कटर डाव्या हातानेच कापड धरतात. म्हणून उजवा हात उघडाच राहिला. पांढऱ्या कापडाचा थर होता. कडेपर्यंत कापत आले आणि तिथे लाल डाग दिसायला लागले. यांनी मशीन थांबवून गोदामाकडे आवाज दिला की डागी माल का पाठवला, कुठला रंग उतरलाय बघा. बाई उठून जवळ आल्या. त्यांनी यांचा हात उचलून यांच्याच डोळ्यांपुढे धरला. अंगठा बाजूने चिरला होता. त्या म्हणतात, मास्तर कितीतरी वेळ अंगठ्याकडे असे बघत राहिले की तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मालकांनी स्वतः गाडीत घालून डॉक्टरांकडे आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा डॉक्टर टाके घालायची तयारी करत होते. बधिर करायचं इंजेक्शन अजून भरायचंच होतं. जखम धुताना सुईचं टोक लागलं आणि यांचा चेहरा हललाच नाही, हे मी पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं. त्यांनी दुसऱ्या बोटाला मुद्दाम टोचलं. मग तिसऱ्या. विचारलं की दुखतंय का. हे म्हणाले की नाही, बरं आहे.

ताई, त्या वेळी हे खोटं बोलत नव्हते.

डॉक्टर खाली बसले. मग यांना म्हणाले की इतकी वर्षं मी तुम्हाला विचारत आलो आणि तुम्ही सांगाल ते लिहीत आलो, हात मात्र हातात घेऊन कधी बघितला नाही. बाहेरचे पेशंट त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि दार लावून यांना तपासलं. कप धरायला लावला, नाणी उचलायला लावली, डोळे मिटून बोट कुठे वाकवलंय ते ओळखायला लावलं. मी कोपऱ्यात उभी होते. यांना एकही ओळखता आलं नाही.

नसांची तपासणी काल झाली. डॉक्टर पत्र नव्याने लिहीत आहेत. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला त्याचीच जास्त भीती वाटते. तुम्ही त्यांना लिहा, पण ओरडू नका.

तुमची,
वहिनी

७ मार्च

चि. मास्तर यास,

आशीर्वाद. ओरडणार नाही असं वहिनीला वचन दिलंय.

मी घाबरले रे. फोन वाजला तरी उचलायला हात जात नव्हता. तू माझ्या कडेवर मोठा झालास, आणि त्या दिवशी मी इथे बसून कोणाच्या तरी वाटणीचे करार टाइप करत होते. एवढंच सांगायचं होतं, ते सांगून झालं.

आता कामाचं. डॉक्टरांचं नवं पत्र मी वाचलं. त्यात तुझ्याबद्दल एकही चांगला शब्द नाही, आणि ते उत्तम आहे. अपील मुदतीत जाईल, वकीलसाहेब स्वतः बघतायत. पण कागद काही म्हणोत, बोर्ड तुला समोर बसवून बघणार. तिथे त्यांना आपला माणूस टापटीप दिसला, हसला, बरं आहे म्हणाला, की संपलं. पालथ्या घड्यावर पाणी. अपील दुसऱ्यांदा करता येत नाही.

खोटं वागू नकोस. लंगडू नकोस, कण्हू नकोस, ते त्यांना लगेच कळतं. फक्त मदत घेऊन झाकू नकोस. वहिनीलाही सांगितलंय की त्या खोलीत तिने हातांची घडी घालून बसायचं. तुझ्याइतकंच तिलाही ते जड जाणार आहे.

आईने दुखणं घरात ठेवायला शिकवलं, खरं आहे. पण शेवटच्या आजारात तिने मला काही सांगितलं नाही आणि मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, हे तू विसरलास. मी विसरले नाही.

लोभ कमी झालेला नाही, फक्त आता थोडा घाबरलेला आहे.

ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ही लिहितेय, मी सांगतोय. या वेळी ती सांगेन तेच लिहिते की आणखी काही, हे मी बघत बसलोय. हिच्या त्या ता. क. चा मला पत्ता लागला आहे.

बोर्डाचं तुला फोनवर अर्धवट सांगितलं. आता सगळं सांगतो.

खोली लांबट होती. एका बाजूला उंच पलंग, लोखंडी दांडीवर हिरवा पडदा, भिंतीशी वजनकाटा. टेबलामागे तीन डॉक्टर. मधले नुसते कागद चाळत होते. एका कडेची डॉक्टरीणबाई तरुण होती, तिने विचारलं की कसं आहे. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. तिने थोडं थांबून पकड मोजायचं यंत्र हातात दिलं. काटा जागचा हलला नाही. ते पाहून मधले म्हणाले की जोर न लावणारेही येतात, आणि मला मान तपासायची आहे, शर्ट काढा.

ही उठली. सवयीने उठली, तिचा काही दोष नाही. मी तिला म्हटलं की बस. ताई, तिचा चेहरा मी विसरणार नाही.

मी वरच्या बटणापासून सुरुवात केली. डावा हात अजून असल्या कामाला शिकलेला नाही, आणि उजवा मध्येमध्ये येऊन कापड ओढतो आणि त्याला ते कळतही नाही. पहिलं बटण सुटलं. दुसरं सुटेना. मला घाम आला. आयुष्यभर मी शर्ट कापले. काजाची पट्टी किती रुंद ठेवायची ते मला झोपेतून उठवून विचार. आणि अंगातला एक शर्ट मला उघडता येईना. ते तिघे बघत होते, कोणी घाई केली नाही. मधल्यांनी कागद खाली ठेवले. ही खाली मान घालून बसली होती, घडी घातलेले हात इतके आवळून की बोटं पांढरी पडली होती.

शेवटी मी त्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं की मला हे जमत नाही, तुम्ही मदत कराल का. अनोळखी बाईला. त्या उठून आल्या आणि त्यांनी बटणं काढली. मला वाटलं होतं की त्या क्षणी जमीन दुभंगेल. काही झालं नाही. त्यांनी शर्ट नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि विचारलं की घरी हे कोण करतं. मी हिच्याकडे बोट दाखवलं. पुढचं सगळं हिने सांगितलं.

काल निकाल आला. मंजूर. कायमचं, पुन्हा तपासणी नाही. ही रडली, मग हसली, मग पाळणाघरात सगळ्यांना सांगायला गेली. वकीलसाहेबांना माझा नमस्कार सांग.

मी एकटाच घरी होतो. ते पत्र मी उघडून बसलो. त्यात सरळ लिहिलंय की अर्जदाराचा उजवा हात बरा होणार नाही आणि तो यापुढे आपला व्यवसाय करू शकणार नाही. इतके महिने आपण सगळे मिळून ही गोष्ट त्या कार्यालयाला पटवत होतो, ताई. काल त्यांना पटली आणि काल पहिल्यांदा मलाही पटली. तोपर्यंत मनात कुठेतरी होतं की हे सगळं कागदापुरतं आहे, हात येईल. आता हात येणार नाही. मी कटर नाही. मग मी काय आहे ते मला कळत नाही, आणि ही घरात नसली की मला फार भीती वाटते. हे लिहिताना ही थांबली होती, मीच लिही म्हटलं.

इतकी वर्षं पत्राखाली मी 'लोभ आहेच' म्हणत आलो. या वेळी तेवढ्याने भागणार नाही. रजा काढ, जिने चढायला त्रास होईल तर खालून हाक मार, आम्ही दोघं येऊन तुला वर आणू. पण ये. लवकर ये.

तुझा,
धाकटा